फ्री ट्रायल घेतली आणि पैसे कापले गेले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीत बँकेतून निवृत्त झालेला माणूस म्हणजे फुकटचं ग्राहक सेवा केंद्र. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत ते काम माझ्याकडे आहे. ‘काका, खात्यातून १९९ गेले, कोणी घेतले?’ हा प्रश्न जिन्यात येतो, गणपतीच्या वर्गणीच्या बैठकीत येतो, रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवरही येतो. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. लोक ज्या क्रमाने घाबरतात त्याच क्रमाने ती लावली आहेत. आधी गळती कशी थांबवायची, मग पैसे परत मिळतात का, आणि जीव भांड्यात पडल्यावर, हे मुळात झालं कसं.

आत्ताच मेसेज आला, ३९९ रुपये गेले. सर्वात आधी काय करू?

मेसेज पुसू नका. गूगलवर त्या कंपनीचा ‘कस्टमर केअर नंबर’ शोधायला तर मुळीच जाऊ नका. का ते पुढे सांगतो. आधी मेसेज नीट वाचा. पैसे यूपीआयने गेले, कार्डावरून गेले, की गूगल प्ले किंवा अ‍ॅपलच्या नावाने गेले, हे बहुधा त्यातच लिहिलेलं असतं. नाव ओळखीचं नसेल तर लगेच दचकू नका. अ‍ॅपचं नाव एक आणि ते चालवणाऱ्या कंपनीचं नोंदणीकृत नाव दुसरंच, असं सर्रास असतं. कधी तर मध्ये पेमेंट गोळा करणाऱ्या तिसऱ्याच कंपनीचं नाव दिसतं. स्क्रीनशॉट काढा आणि ईमेलमध्ये ती रक्कम टाकून शोधा. ‘प्रीमियम सदस्य झाल्याबद्दल अभिनंदन’ छापाचा एखादा न उघडलेला ईमेल सापडला की उलगडा होतो.

पण मी ते अ‍ॅप महिन्यापूर्वीच डिलीट केलं होतं!

माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं पहिलं वाक्य हेच असतं. अ‍ॅप फोनवरून गेलं, पैसे घ्यायची परवानगी मात्र तुम्ही फोनला दिलेलीच नव्हती. पेपरवाल्याला न सांगता गावाला गेलात तरी तो दाराला पेपर लावतच राहतो आणि महिन्याचं बिल पूर्ण येतं, तसंच हे. गूगल आणि अ‍ॅपल दोघांच्याही मदत-पानांवर लिहिलं आहे की अ‍ॅप काढल्याने सबस्क्रिप्शन रद्द होत नाही. वाचतं कोण, हा प्रश्न वेगळा.

मग ती परवानगी असते तरी कुठे?

सगळ्या भानगडीची किल्ली या प्रश्नात आहे. परवानगी ज्या ठिकाणी नोंदली गेली तिथूनच पैसे थांबतात. अ‍ॅपमध्ये शिव्या घालून, एक तारा देऊन किंवा त्यांच्या चॅटवरच्या यंत्राशी वाद घालून ते थांबत नाहीत.

आपल्याकडे सध्या सर्वात जास्त गळती यूपीआय ऑटोपेमधून होते. ठरलेल्या तारखेला पैसे आपोआप कापले जाण्याची ही सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने जुलै २०२० मध्ये आणली. तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये प्रोफाइलच्या चित्रावर टिचकी मारा आणि आत ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ असं नाव शोधा. प्रत्येक अ‍ॅपने ते वेगळ्या कोपऱ्यात ठेवलंय, पण असतं नक्की. मँडेट म्हणजे पैसे कापायची तुम्ही दिलेली परवानगी. तिथे चालू असलेल्या सगळ्या मँडेटची यादी दिसते. नको ते निवडा, रद्द करा, पिन टाका, झालं. एकापेक्षा जास्त यूपीआय अ‍ॅप वापरत असाल तर प्रत्येकात बघा. मँडेट ज्या अ‍ॅपमधून दिलं तिथेच सापडण्याची शक्यता जास्त. लोक एकात बघतात, ‘काहीच नाही काका’ म्हणतात, आणि ते दुसऱ्यात आरामात बसलेलं असतं.

दुसरी जागा म्हणजे गूगल प्ले किंवा अ‍ॅपलचं खातं. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडून प्रोफाइलवर जा, ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये बघा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सर्वात वर तुमचं नाव असतं, त्याच्या आत ‘सबस्क्रिप्शन्स’. फोनमध्ये दोन-तीन जीमेल खाती असतील तर खातं बदलून प्रत्येकात पाहा. सबस्क्रिप्शन बायकोच्या खात्यावर आणि शोधाशोध नवऱ्याच्या, यात मी अख्खी संध्याकाळ गेलेली पाहिली आहे.

तिसरी जागा कार्ड. डेबिट किंवा क्रेडिट कार्डावर दिलेली परवानगी बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये ‘ई-मँडेट’, ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’ अशा नावाखाली असते. बऱ्याच बँका यासाठी ‘एसआय हब’ नावाच्या वेगळ्या पानावर पाठवतात. तिथे कार्ड नंबर आणि ओटीपी टाकून आत जायचं असतं. त्या पानावर बँकेच्या साइटवरूनच जा, कोणी पाठवलेल्या लिंकवरून नाही.

मी कुठलीच परवानगी दिली नव्हती. फक्त एक रुपया भरला होता.

तो एक रुपयाच परवानगी होता.

होतं असं. जाहिरात सांगते, ‘फक्त १ रुपयात ७ दिवस’. तुम्ही बटण दाबता, यूपीआय अ‍ॅप उघडतं, नेहमीसारखा पिन मागतं. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला पैसे देताना दिवसातून दहा वेळा टाकतो तोच पिन. हात सवयीने चालतो. पण या वेळी समोर साधं पेमेंट नसतं, मँडेट असतं. त्या पडद्यावर चार गोष्टी लिहिलेल्या असतात आणि त्या चारही वाचायला दहा सेकंद पुरतात. पैसे कोण घेणार, किती ‘पर्यंत’ घेणार, किती वेळा घेणार, आणि ही मुभा कुठल्या तारखेपर्यंत.

‘पर्यंत’ या शब्दाकडे नीट बघा. ट्रायलनंतरचा दर महिना १९९ असला तरी मँडेट कधी कधी हजार-दोन हजारांपर्यंतचं मागितलेलं असतं. म्हणजे पुढे दर वाढला तर पुन्हा तुम्हाला विचारायची गरज नको. शेवटची तारीखही गमतीची असते. वीस-तीस वर्षं पुढची तारीख मी साठीच्या माणसांच्या मँडेटवर पाहिली आहे. वारंवारता महिन्याला असावी. काही जण आठवड्याला ठेवतात, कारण ‘फक्त ९९’ वाचताना ते आठवड्याचे आहेत हे लक्षात येत नाही.

बँक दर वेळी ओटीपी का विचारत नाही? ही बँकेची चूक नाही का?

नाही. नियमच तसा आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये कार्डांवरच्या आवर्ती व्यवहारांसाठी ई-मँडेटची चौकट आणली. १ ऑक्टोबर २०२१ पासून ती काटेकोरपणे लागू झाली. मँडेट नोंदवताना आणि पहिल्या व्यवहाराला ओटीपी किंवा पिन लागतो. पुढच्या व्यवहारांना ठरावीक मर्यादेपर्यंत लागत नाही. ही मर्यादा आधी २,००० होती, मग ५,००० झाली आणि जून २०२२ मध्ये १५,००० रुपये. म्युच्युअल फंड, विम्याचा हप्ता आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांच्यासाठी डिसेंबर २०२३ पासून ती १ लाख आहे. लाइट बिल आपोआप भरलं जावं म्हणून केलेली ही सोय आहे, आणि ती चांगलीच आहे. भविष्य सांगणाऱ्या अ‍ॅपलाही तीच दारं उघडी मिळाली, ही तिची दुसरी बाजू.

पैसे कापायच्या आधी कळवायला नको का?

हवंच. वजावटीच्या किमान २४ तास आधी सूचना देणं बंधनकारक आहे. त्यात पैसे घेणाऱ्याचं नाव, रक्कम, तारीख आणि कारण असलं पाहिजे, आणि तो व्यवहार किंवा अख्खं मँडेट नाकारायची सोयही. पैसे गेल्यावर पुन्हा कळवायचं. ही सोय वापरल्याबद्दल कार्डधारकाकडून शुल्क घेता येत नाही.

‘मला आलीच नाही’ म्हणणाऱ्यांचे मेसेज मी उघडून बघतो तेव्हा सूचना बहुतेकदा तिथे असते, कर्जाच्या ऑफर, पिझ्झाची सूट आणि कुरिअरच्या ओटीपीच्या ढिगाखाली. पण खरोखर आली नसेल तर तो तुमच्या तक्रारीतला भक्कम मुद्दा आहे. बँकेला लेखी विचारा, ‘पूर्वसूचना कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरवर किंवा ईमेलवर पाठवली?’ जुना बंद पडलेला नंबर नोंदवलेला असणं हे कारण दर दोन-तीन प्रकरणांत निघतं. तो आधी बदलून घ्या.

आधी अ‍ॅपमध्ये रद्द करू की बँकेत?

दोन्हीकडे, शक्यतो याच क्रमाने. अ‍ॅपमध्ये रद्द केलंत की कंपनीशी असलेला व्यवहार संपतो आणि तसा ईमेल मिळतो. पुढे भांडायला तो कागद लागतो. मग मँडेट रद्द करा. अ‍ॅपमध्ये रद्द करायचं बटणच सापडत नसेल, किंवा ‘नक्की जायचंय? ५० टक्के सूट घ्या ना’ असं चार-चार पडद्यांवर गळ घालत असतील, तर वेळ न घालवता थेट मँडेट तोडा आणि कंपनीला ईमेल टाका.

ट्रायल आजच रद्द केली तर उरलेले दिवस बुडतात का?

गूगल प्लेवर सहसा ट्रायल संपेपर्यंत वापरता येतं. काही ठिकाणी मात्र रद्द करताच दार बंद होतं. अ‍ॅपल ट्रायल संपायच्या किमान २४ तास आधी रद्द करायला सांगतं. शेवटच्या रात्री बारा वाजेपर्यंत थांबण्यात शहाणपणा नाही, कारण कंपनीचं घड्याळ कुठल्या देशाचं आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं. माझं मत विचाराल तर ट्रायल घेतल्या दिवशीच रद्द करा. चार दिवस बुडाले तर बुडाले.

गेलेले पैसे परत मिळतील का?

कधी कधी. आणि लवकर मागितले तर जास्त वेळा.

गूगल प्लेवरून गेले असतील तर पहिल्या ४८ तासांत तिथूनच परताव्याची विनंती करता येते. त्यानंतर गूगल तुम्हाला अ‍ॅप बनवणाऱ्याकडे धाडतं. अ‍ॅपलचं ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’ नावाचं पान आहे, तिथे खरेदी निवडून कारण द्यायचं. थेट कंपनीने घेतले असतील तर कंपनीला ईमेल लिहा. छोटा लिहा. ट्रायल कधी घेतली, कधी रद्द केली, किती रुपये कोणत्या तारखेला गेले, व्यवहार क्रमांक काय, किती दिवसांत परत हवेत. लुटारू, चोर वगैरे शब्दांनी मन हलकं होतं पण काम होत नाही. ‘सेवा वापरलेली नाही’ हे खरं असेल तर जरूर लिहा. त्यांच्याकडे वापराची नोंद असते आणि तो मुद्दा तुमच्या बाजूने जातो.

कंपनी ऐकत नसेल तर बँकेकडे वाद नोंदवा. इथे एक फरक समजून घ्या, कारण याच जागी लोक बँकेच्या काउंटरवर आवाज चढवतात. तुम्ही पिन टाकून मँडेट दिलं असेल तर बँकेच्या लेखी तो ‘अनधिकृत व्यवहार’ होत नाही. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर बोजा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम तुमच्या संमतीशिवाय तिसऱ्याच कोणी केलेल्या व्यवहारांसाठी आहे. पण रद्द केल्यानंतरही पैसे घेतले गेले, किंवा कबूल रकमेपेक्षा जास्त घेतले, तर कार्डावर त्याविरुद्ध दाद मागता येते. रद्द केल्याचा ईमेल तिथे कामाला येतो. नुसतं विसरलो म्हणून पैसे गेले असतील तर हक्काने मागता येत नाहीत. विनंती करा, बऱ्याच कंपन्या पहिल्या खेपेला देतातही.

सरळ कार्डच ब्लॉक करू का? किंवा खात्यात पैसेच ठेवले नाहीत तर?

ढेकणाला मारायला घर पेटवू नये. त्याच कार्डावर विमा, लाइट बिल, फोनचं बिल असतं. खातं रिकामं ठेवणाऱ्यांची तर वेगळीच गंमत. कंपनी पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते, आणि दरम्यान एसआयपीचा किंवा कर्जाचा हप्ता परत गेला की बँक त्याचा दंड लावते. ९९ रुपये वाचवताना पाचशे घालवलेले लोक मला माहीत आहेत. कार्ड चोरीला गेलंय किंवा नंबर भलत्याच्या हाती लागलाय असं वाटलं तरच ब्लॉक करा.

परदेशी साइटवर काहीच ओटीपी आला नाही, तरी डॉलरमध्ये पैसे गेले. कसे?

अनेक परदेशी साइटवर कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढंच पुरतं. पीडीएफ बदलून देणारी साइट, बायोडेटा बनवणारी साइट, ‘नमुना मोफत, फक्त पोस्टेज भरा’ म्हणणारी वजन घटवायची गोळी. शेवटच्या प्रकारापासून दोन हात लांबच राहा, त्यात नमुन्याबरोबर दर महिन्याचा डबा गळ्यात पडतो. वर परकीय चलनाचं शुल्क आणि त्यावर जीएसटी.

उपाय सोपा आहे. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकानंतर प्रत्येक बँकेला कार्डाचा परदेशातला वापर आणि ऑनलाइन वापर चालू-बंद करायची, मर्यादा ठरवायची सोय द्यावी लागली. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय वापर बंद ठेवा. सिंगापूरला मुलीकडे जाल तेव्हा चालू करा.

हे असं पैसे काढणं कायद्यात बसतं का?

पूर्ण बसत नाही, आणि हे फार थोड्यांना माहीत आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यात फसव्या मांडणीचे १३ प्रकार दिले आहेत. पाचवा आहे सबस्क्रिप्शनचा सापळा. रद्द करणं अशक्य किंवा लांबलचक करून ठेवणं, रद्द करायचं बटण लपवणं, त्याच्या सूचना गोंधळाच्या ठेवणं हे त्यात येतं. आणि आणखी एक गोष्ट येते, जी वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. मोफत सबस्क्रिप्शन देण्यासाठी पेमेंटचे तपशील किंवा ऑटो डेबिटची परवानगी द्यायला भाग पाडणं, हाही सापळाच मानला आहे. मोफत ट्रायल पैशाच्या सेवेत बदलताना न कळवणं हे वेगळ्या प्रकाराखाली येतं. भारतात पद्धतशीरपणे वस्तू किंवा सेवा देणाऱ्या सगळ्या प्लॅटफॉर्मना ही तत्त्वं लागू आहेत.

म्हणजे कागदावर नियम लख्ख आहे आणि फोन उघडला की तिसऱ्या जाहिरातीत त्याचा भंग. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितलं. चोरालाच तिजोरी मोजायला सांगण्यासारखं मला ते वाटलं, पण तक्रारीत या तत्त्वांचा उल्लेख केला की कंपन्यांची भाषा मऊ होते, हा अनुभव आहे. अमेरिकेत याच तऱ्हेच्या आरोपांवरून सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनने प्राइम सदस्यत्वाच्या प्रकरणात २.५ अब्ज डॉलरची तडजोड मान्य केली.

मुंबईत तक्रार कुठे करायची?

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीत बोलता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर ८८००००१९१५. ही काही कोर्ट नाही, ती कंपनीशी बोलून मार्ग काढते; पण चार-पाचशे रुपयांच्या प्रकरणाला हेच औषध योग्य.

बँकेने दाद दिली नाही किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे ऑनलाइन तक्रार करता येते, शुल्क नाही. बँकेला आधी लेखी तक्रार केलेली असली पाहिजे. हे न करता थेट लोकपालांकडे गेलात तर अर्ज परत येतो.

रक्कम मोठी असेल, वर्षाची वर्गणी वगैरे, तर जिल्हा ग्राहक आयोग. शहरासाठी परळला, उपनगरांसाठी वांद्रे पूर्वेला. कंपनी बंगळूरची असो की गुरुग्रामची, २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही. तुम्ही सेवेसाठी भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. विलेपार्ल्याची मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून ग्राहकांच्या बाजूने उभी आहे, सल्ल्यासाठी तिथे विचारता येईल.

रिफंड देतो म्हणून एकाचा फोन आला, पिन टाकायला सांगतोय.

फोन ठेवा. पैसे यायला पिन कधीच लागत नाही. इथे एक घोळ होतो, म्हणून स्पष्ट लिहितो. मँडेट रद्द करताना मात्र पिन लागतो, पण तो तुम्ही स्वतः, स्वतःच्या अ‍ॅपमध्ये, कोणाचा फोन चालू नसताना टाकायचा. सर्च केल्यावर सापडणारे ‘कस्टमर केअर’ नंबर अनेकदा याच मंडळींचे असतात. तुमची स्क्रीन समोरच्याला दाखवणारं अ‍ॅप टाकायला सांगितलं की समजा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा.

मुलाने माझ्या फोनवर गेमची ट्रायल घेतली. आता?

आधी वरच्या तीन जागा तपासा. मग प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी मागायची सोय चालू करा. यूपीआयचा पिन मुलाला माहीत असेल तर तो आजच बदला, आणि नवा त्याच्या वाढदिवसाचा ठेवू नका.

बँकेतून काही गेलं नाही, पण मोबाइलचा बॅलन्स कापला जातोय.

हा जुना आजार. कॉलर ट्यून, क्रिकेट स्कोअर, राशिभविष्य. १५५२२३ वर फोन करा किंवा ‘स्टॉप’ असा मेसेज पाठवा. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१३ च्या निर्देशांनुसार अशी सेवा सुरू करताना ग्राहकाची दुहेरी संमती लागते.

अजून कुठे कुठे गळतंय ते कसं शोधू?

बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट उतरवून घ्या आणि ९ ने संपणाऱ्या रकमांवर पेन्सिलने खूण करत जा. ४९, ९९, १४९, २९९. दर महिन्याला त्याच तारखेच्या आसपास तीच रक्कम दिसली की ती धरा. वर्षाची वर्गणी अशी सापडत नाही, ती एकदाच दिसते. म्हणून तेरा महिन्यांचं स्टेटमेंट काढलंत तर उत्तम. क्रेडिट कार्डाचं वेगळं बघा. सोसायटीतल्या एका गृहस्थांना असं बघताना योगासनांचं अ‍ॅप दोनदा सापडलं, एकदा यूपीआयवर आणि एकदा प्ले स्टोअरवर. योगासनं ते अजूनही खाली बागेतच करतात.